केसाआडचे ठिपके

मे महिन्यात पाचोऱ्याला दुपारी खिडक्या बंद करून बसण्यावाचून इलाज नसतो. आमचं कापडाचं दुकानही तेव्हा बंदच. धुळ्याहून सुट्टीला आलेली नात विधी त्या अंधाराचा फायदा घेऊन प्रयोग करायची. जुन्या लग्नपत्रिकेला चौकोनी खिडकी कापायची, तिच्यात उभा केस चिकटवायचा आणि बस स्टँडवर मिळते ती स्वस्त लेझर त्यावर मारायची. समोरच्या भिंतीवर एका ठिपक्याऐवजी लाल ठिपक्यांची आडवी रांग उमटे.

"नाना, केस जितका बारीक, तितके ठिपके लांब लांब," ती म्हणाली.

मी बी.एस्सी. होऊन जन्मभर कापड फाडत बसलेला माणूस. मला तर खजिनाच सापडला. आधी माझा केस लावला, मग विधीचा, मग कुसुमलताचा. माझ्या बायकोचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. विंचरताना गळलेले ती गुंडाळून कोनाड्यात ठेवते, केसांवर भांडी देणाऱ्या कुंदाबाईसाठी.

"दुकानातली मापं संपली वाटतं, माझे केस मोजताय ते!" कुसुम म्हणाली, आणि ताजा केस स्वतःच उपटून दिला.

तिची रांग पार कपाटापर्यंत पसरली. आजारपणानं केस बारीक झाले असतील, असं मी म्हणालो. पुढच्या आठवड्यात जळगावला तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टर साधं म्हणाले होते, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्याशिवायच्या घरात मला राहता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवा केस लावला, तर रांग दारापर्यंत गेली. ठिपके फिकट झाले होते. विधी धुळ्याला परतल्यावर कुसुमचा आणखी एक केस लावून मी एकट्यानंच पाहिलं. भिंतीवर एकच ठिपका, नुसत्या हवेतून लेझर मारल्यासारखा. केस तर चौकटीत डोळ्यांना स्पष्ट दिसत होता.

संध्याकाळी कुंदाबाई आली. तिनं केसांचा गुंता तराजूत टाकला. पारडं हललं नाही.

"माय वं, अक्का! एवढा गुंता शे, नि वजनच लागत नही."

कुसुम हसली. कुंदाबाईनं गुंता परत कोनाड्यात ठेवला आणि हात पदराला पुसले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी खोलीचं दार लावून घेतलं. चौकटीत कुसुमचा केस होता. माझा एक उपटून त्याच्या शेजारी चिकटवला. काय मनात होतं, सांगता येणार नाही. लेझर मारली. रांग उमटली, ठसठशीत.

माझा केस हळूच काढला. रांग तशीच राहिली.

मग माझा एकटा लावला.

एकच ठिपका.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

ऑपरेशन छान झालं. कुसुमनं डोळे उघडले तेव्हा मी खाटेजवळच्या स्टुलावर तिचा हात धरून बसलो होतो.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

तेवढ्यात सिस्टर आत आली. "आजी, कोणाशी बोलताय? सोबत कोणीच आलं नाही का?"

"हे काय, आमचे हे," कुसुम माझ्याकडे बघत म्हणाली.

सिस्टरनं स्टुलाकडे पाहिलं. "बरं बरं," म्हणाली, आणि हातातला औषधांचा ट्रे त्यावर ठेवला. ट्रे अगदी सपाट बसला.