चोपन्न किलो

वाटूरच्या शिवारात त्या पहाटे भावना खरातकडे एक साधेच काम होते, माणसांची वजने करण्याचे. उष्ण हवेच्या फुग्यातून उडायचे तर टोपलीत चढणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर उभे राहावे लागते. फुग्याला चेहरे कळत नाहीत, किलो कळतात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या भावनाला या धंद्यातली हीच गोष्ट सर्वांत प्रामाणिक वाटे. परवान्यासाठी तिची दोन उड्डाणे उरली होती. फुगा ती चालवणार होती आणि तिला शिकवणारे कॅप्टन राजानंद शेजारी उभे राहून चुका काढणार होते.

अडचण वेगळीच निघाली. उड्डाणाच्या रानात शेतमालकाने खतासाठी रात्री मेंढ्या बसवल्या होत्या. बर्नरच्या आवाजाने सगळा कळप उधळला असता. कळपाची मालकीण साखराबाई घोंगडी पांघरून बांधावर बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, नजर मात्र घारीची.

“हलवते की मेंढरं,” ती म्हणाली. “पण मंग मला बी वर न्या.”

“भीती न्हाई वाटणार, आजी?” राजानंदांनी विचारले.

“कशाची भीती? आता तसंबी वरच जायचंय. एकदा रस्ता बघून येते.”

ते हसले आणि अट मान्य झाली. साखराबाईचा मुलगा कळप ओढ्यापलीकडे घेऊन गेला. भावनाने तिघांची वजने टिपली: राजानंद अठ्ठ्याहत्तर, ती स्वतः बावन्न, साखराबाई घोंगडीसकट चव्वेचाळीस. फुग्यातली हवा ऐंशी अंशांपर्यंत तापली की टोपली उचलली जाईल, असे गणित सांगत होते.

“एक गोष्ट बराबर ध्यानात ठेवा,” राजानंद साखराबाईला म्हणाले. “टोपली जमिनीला टेकली तरी मी म्हणेपर्यंत कुणी उतरायचं न्हाई. एक माणूस उतरला की फुगा वर उसळतो, बाकीच्यांना घेऊन.”

“म्हंजी यष्टीसारखं न्हाई.”

“बिलकुल न्हाई.”

ऐंशी अंशांवर टोपली हलली नाही. पंच्याऐंशीलाही नाही. अठ्ठ्याऐंशीला तिने जमीन सोडली, तीही नाइलाजाने सोडावी तशी. हवा दमट आहे, राजानंद म्हणाले. भावनाने मनातल्या मनात आकडेमोड केली. दमटपणा एवढे खात नाही. टोपलीत पन्नास ते पंचावन्न किलो जास्त होते. नाहीतर तापमापक बिघडला होता. तिने अर्थातच तापमापकावर ठपका ठेवला.

अर्ध्या तासाने दुधना नदीच्या अंगाने धुके आले. ते जमिनीवरून सरपटत आले नाही, एकाच वेळी सगळीकडून उमटले, आणि खालची ज्वारी, तूर, रस्ता, सगळे पुसले गेले. फुगा वाऱ्याच्याच वेगाने जातो; टोपलीत वारा लागत नाही, पदर हलत नाही. बर्नर थांबला की शांतता कानांवर दाबल्यासारखी बसे. मग कुठून तरी खालून कुत्रे भुंके, अगदी पायांशी असल्यासारखे. घोंगडीला ओल्या लोकरीचा वास येत होता. त्यात दुसरा एक वास मिसळला होता, रात्रभर पिकाला पाणी देऊन घरी परतलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो, गार चिखलाचा.

“पोरी, जरा सरक,” साखराबाई हळूच म्हणाली. “त्याला दाटतंय.”

“कुणाला?”

साखराबाईने हनुवटीने समोरचा रिकामा कोपरा दाखवला.

“आपण तिघंच आहोत, आजी…”

“मी अडीचशे मेंढरं आंधारात मोजते. चार डोकी चुकतील व्हय मला?”

भावनाने कोपऱ्याकडे पाहिले. तिथे काहीही नव्हते. मात्र टोपली त्या बाजूला बोटभर कलली होती. गॅसच्या सिलिंडरमुळे असेल, तिने स्वतःला सांगितले. पण सिलिंडर पलीकडच्या कोपऱ्यांत आहेत हे तिला माहीत होते. तरीही ती अर्धे पाऊल सरकली.

हिशेबापेक्षा जास्त गॅस जळत होता. उतरण्याजोगे रान दिसावे म्हणून राजानंदांनी फुगा खाली घ्यायला सांगितले. तेव्हाच तो आवाज आला. बारीक, सलग, मोहोळ उठल्यासारखा.

राजानंदांचा चेहरा उतरला. “तारा…” ते म्हणाले. “भावना, पेटव!”

तिने बर्नरचा खटका ओढला. ज्योत वीतभर आली, फिकटली आणि मिटली. सिलिंडर संपला होता. राजानंदांनी नळी दुसऱ्या सिलिंडरला जोडली, पण थंडीने गोठलेली त्याची चावी फिरेना. धुक्यातून उच्चदाबाच्या टॉवरचे लोखंडी पाय पुढे आले, त्यावर आडवे हात आणि हातांना लोंबणाऱ्या तारा. त्या बरोबर छातीच्या उंचीवर होत्या आणि अगदी सावकाश जवळ येत होत्या.

“वजन… वजन कमी झालं पाहिजे,” राजानंद पुटपुटले आणि त्यांनी पाण्याचा कॅन बाहेर फेकला. काहीच फरक पडला नाही.

त्या रिकाम्या कोपऱ्यातला टोपलीचा वेत करकरला. काठावर पाय ठेवून कुणी बाहेर ओणवे व्हावे, तशी टोपली त्या बाजूला झुकली. मग ती एकदम वर उसळली. पायांखालून तारा सरकल्या. भीतीतही भावनाची सवय सुटली नव्हती. तिने त्या मोजल्या. सहा.

पुढच्या क्षणी ते उन्हात होते.

खाली क्षितिजापर्यंत पांढरेशुभ्र धुके पसरले होते, उंचवट्या-उंचवट्याचे, कोवळ्या उन्हात ऊब घेत असलेले. साखराबाईचा हात तोंडावर गेला. “अगं माय… सगळं रान कळपावानी बसलंय की!” तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

राजानंदांनी चावीवर पान्याचे तीन घाव घातले. ती फिरली. निळी ज्योत गर्जत उभी राहिली.

“कोण उतरलं?” त्यांनी विचारले, कुणाकडेही न बघता.

“त्योच,” साखराबाई म्हणाली. “तुम्ही म्हणले ना, वजन कमी करा? तर त्यो म्हणला, माझं ठिकाण आलंच हाय, उतरतो. मला वाटलं, तुमचाच माणूस.”

भावनाने तापमापक पाहिला. ऐंशी अंश, आणि फुगा स्थिर. तापमापकात काहीही बिघाड नव्हता.

ऊन चढताच धुके फाटले आणि तिने टोपली एका पडीक रानात अलगद टेकवली. राजानंद म्हणेपर्यंत साखराबाईने पाय उचलला नाही.

फुग्याचा माग काढत जीप घेऊन आलेल्या ड्रायव्हर सर्जेरावांना भावनाने आधी टॉवरकडे गाडी घ्यायला लावली. टॉवरखालच्या गव्हाला रात्री पाणी दिले होते. वाफ्याच्या मधोमध दोन अनवाणी पावले शेजारी-शेजारी उमटली होती, घोट्याइतकी खोल. तिथवर येणारी एकही खूण नव्हती. तिथून निघणाऱ्या खुणा मात्र सरळ होत्या, न अडखळता चालत गेलेल्या. त्या वाटूरकडे जात होत्या.

“मॅडम, जल्दी करा,” सर्जेराव म्हणाले. “काय हुडकून राह्यले?”

“काही नाही.”

दुसऱ्या पहाटे तेच रान होते. आभाळ स्वच्छ होते. भावनाने काटा जमिनीवर ठेवला, पातळी तपासली, बटण दाबले. शून्य. राजानंद अजून जीपपाशीच होते. वही उघडून तिने वर पाहिले तेव्हा काट्यावर आकडा होता: चोपन्न.

तिने काटा बंद करून पुन्हा सुरू केला. शून्य, आणि हळूहळू चोपन्न. गार चिखलाचा वास आला.

मग तिने वहीत आकडा लिहिला, नावाची जागा कोरी सोडली, बेरीज केली आणि सर्जेरावांना आणखी एक सिलिंडर आणायला सांगितले. टोपलीशी जाऊन ती बाजूला सरली.

“या,” ती म्हणाली. “मात्र आज मी म्हणेपर्यंत उतरायचं नाही.”

टोपलीचा वेत करकरला. काटा शून्यावर आला होता. तो उचलायला ती वाकली, तेवढ्यात आकडा पुन्हा उमटला.

बावीस.