शेवटचा बोल्ट

बाबांची जुनी गाडी ओढून नेताना दोर तुटला, तो नेमका एका गॅरेजच्या दारात. स्टिअरिंगवर त्यांची मुलगी होती. घाबरून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसली होती, तेवढ्यात आतून हात पुसत मिस्त्री आला.

"अहो, सोडा आता. ब्रेक कधीच गेलेत. रस्ता सपाट आहे म्हणून थांबलीय ती."

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी बाई, पण तेव्हा तिच्याच तोंडून शब्द फुटेना. मेलं, हसू किती छान होतं त्याचं! आणि दात तर... जाऊ दे, सवयच वाईट.

गाडी तिथेच राहिली. रविवारी आईचा वाढदिवस होता, आणि बाबांना आईला शेजारी बसवून त्याच गाडीतून फिरवून आणायचं होतं. लग्न झाल्यावर दोघं तिच्यातूनच तर हिंडले होते! दवाखाना बंद केला की ती रोज गॅरेजमध्ये डोकवायची. गंजून बसलेला बोल्ट कसा काढायचा, ते त्यानं तिला शिकवलं. आधी तेल पाजायचं, मग गरम करायचा, हलकेच ठोकायचं. सोडवण्याआधी किंचित आवळायचा, म्हणजे गंज तुटतो.

"नुसता जोर लावला की मान मोडते त्याची," तो म्हणायचा.

"दाताचंही तसंच. इकडे-तिकडे हलवत, गोड बोलत काढायचा."

"बोल्टशी पुष्कळ गोड बोलतो मी. पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की—"

"की काय?"

"काही नाही... तो पाना द्या."

ब्रेक दुरुस्त झाले, सगळे बोल्ट निघाले, धुराच्या पाइपाचा शेवटचा तेवढा हट्टाला पेटला. तो निघाला की तडकलेला पाइप बदलायचा आणि गाडी तयार. "अजून जाम आहे. उद्या बघू," तो रोज सांगायचा. घरी बाबांचा चेहरा उतरायचा. तिला त्यांचं वाईट वाटायचं, आणि उद्या पुन्हा जायला मिळणार म्हणून बरंही वाटायचं. बरं वाटल्याची लाज वाटायची ती वेगळीच.

शुक्रवारी संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. तो दारात गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिनं सहज पाना लावला... आणि बोल्ट गर्रकन फिरला! बाहेर काढून बघते, तर आट्यांवर ताजं ग्रीस. बोल्ट परत बसवताना कोरडा बसवायचा नाही, हा त्याचा नियम. थाप मारतानाही त्याला तो मोडवला नव्हता.

तो आत आला, तिच्या हातातला बोल्ट बघितला आणि जागीच थबकला.

"कधी निघाला हा?"

"...मंगळवारी."

"मंगळवारी?" तिचा आवाज चढला. "बाबा तिकडे रोज वाट बघतायत, आणि तुम्ही... का केलंत असं?"

"गाडी गेली की तुम्ही इथे कशाला याल?" त्यानं मान वर केली. "चुकलंच माझं. आत्ताच बसतो कामाला. पण... तुम्ही आवडता मला, डॉक्टर. फार आवडता."

बाई चिडली होती, चांगलीच चिडली होती. तरी कानशिलं तापली ती काही रागानं नाही.

"विचारायचं की सरळ!"

"विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं, बावळट!"

त्याचा चेहरा असा उजळला की तिला हसू आवरेना. पण बाबांचं काय? तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्यासमोर धरला. "सांगा. सगळं सांगा."

"काका, गाडी कधीच झाली असती. मी मुद्दाम रखडवली. तुमच्या मुलीनं रोज यावं म्हणून."

बाबा आता चिडले तर?

"गाढवा!" बाबा गरजले. "रविवारी सकाळी गाडी दारात हवी मला." मग जरा थांबून म्हणाले, "आणि हे बघ, पुढे मी आणि हिची आई बसणार. तुम्ही दोघं मागे बसा."