चादर उडाली तेव्हा

"छकुले, हलू नकोस!" म्हणत चिमीने चुलतबहिणीच्या केसांतली नवी कोरी क्लिप ओढून काढली.

"आई गं, माझे केस!"

चिमीचं लक्षच नव्हतं. क्लिपच्या कडेला बारीक चौकोनी भोकांची रांग होती. अशी भोकं फिल्मला असतात, हे मूकपट काढणाऱ्याच्या मुलीला सांगायला नको. ती धावत बाबांच्या कामाच्या खोलीत गेली. फिल्मच्या डब्यांचं फडताळ रिकामं होतं.

"अडगळ होती ती, कंगवे-क्लिपा करायला कंगवेवाल्याला देऊन टाकली," काका दाढी करता करता म्हणाले. "तुझे बाबा तापाने अंथरुणाला खिळलेत. आता कोण बघतंय ते मुके खेळ?"

चिमीला रडूच फुटलं. त्या डब्यांत तिची आई होती. आई काही नटी नव्हती. चित्रण चालू असताना ती पांढरी चादर ताणून नटांच्या तोंडावर ऊन पाडायची. एकदा वाऱ्याने चादर उडाली आणि तिच्यामागे धावत आई थेट चित्रात घुसली. तो फसलेला तुकडा बाबांनी कापला, पण टाकला नाही, एका रिळाच्या शेवटी जोडून ठेवला. आई गेली तेव्हा तिचा साधा फोटोसुद्धा घरात नव्हता.

"रडतेस काय? पळ!" छकुलीचा भाऊ बोका म्हणाला. एरवी हा जेवायला हाक मारल्याशिवाय जागचा हलत नसे.

कंगवेवाल्याच्या कारखान्यात सोड्याच्या उकळत्या पाण्यात फिल्म बुडवली होती. चित्रं धुऊन जाऊन पाणी काळं झालं होतं. एकच डबा उरला होता आणि कंगवेवाला त्याचंच झाकण काढत होता.

"त्यात माझी आई आहे हो," चिमी कळवळून म्हणाली.

"डब्यात आई? सुट्टी लागली की पोरांना काहीही सुचतं. चला, निघा."

बोका शेगडीकडे बघत होता. "अहो, ही फिल्म पेटली तर छप्पर राहणार नाही तुमचं."

"मला शिकवतोस?"

"मग अंगणात एक तुकडा पेटवून बघा की."

कंगवेवाल्याने ऐटीत नखाएवढा तुकडा चिमट्यात धरला आणि काडी लावली. भस्सकन जाळ उठला. अर्धी मिशी गेली!

"ने बाई तो डबा, आधी ने!"

दुपारी काकांनीच मान खाली घालून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. बाबा भिंतीला टेकत उठले आणि यंत्राचं हँडल फिरवू लागले. भिंतीवर राजा आला, तलवार उपसून गेला. आई नव्हती. रीळ संपत आलं, तसा चिमीचा धीर सुटला.

एवढ्यात चादर उडाली. पदर खोचलेली आई हसत हसत तिच्यामागे धावली आणि दिसेनाशी झाली.

"बाबा, थांबवा ना तिला!"

"यंत्र थांबवलं तर दिव्याने फिल्म जळते, पोरी." बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी मी ओरडलो होतो तिच्यावर. चित्रातून बाहेर हो म्हणालो."

"माझी चूक झाली, दादा," काका म्हणाले. "पोरं होती म्हणून वहिनी परत आल्या."

बाबांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला, रीळ उलटं गुंडाळलं आणि हँडल चिमीच्या हातात दिलं.

"एकसारखं फिरव," ते म्हणाले. "घाई करू नकोस."