शुक्रवार, चार ऑगस्ट

दिनकरराव गुरुजींना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. परभणीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज दुपारी तीन ते पाच ते मुलांना गणित शिकवत. रागावत नसत, छडी ठेवत नसत. एखाद्या पोरीला भागाकार दहादा सांगून समजला नाही तर अकराव्यांदा चिंचोके मांडून बसत. एकच विक्षिप्तपणा होता. वर्ग चालू असताना ते दार लावू देत नसत. थंडी असो, वारा असो, दार उघडं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्या खोलीत संगणक आला. वाचनालयाचे अध्यक्ष किशनराव यांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात तो जुना झाला होता. पिवळा पडलेला पडदा आणि टाइपरायटरसारखा खडखडणारा कळफलक. किशनरावांनी तो मुलांना देऊन टाकला, वर यथासांग पूजाही केली. नारळ फोडला आणि यंत्राला बोटभर कुंकू लावलं.

तो चालू करायचं काम सूर्यभानकडं होतं. सूर्यभान अठ्ठावीस वर्षांचा, एका संगणक क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्या पुण्याच्या मित्रानं त्याला यंत्र चालवणारी एक नवी प्रणाली चोवीस फ्लॉप्यांवर भरून दिली होती.

"लिनक्स म्हणत्यात ह्याला, गुरुजी," तो म्हणाला. "फुकट हाय आणि चोरीचं न्हाई. ज्यांनी केलं त्यांनीच सांगितलंय, घ्या, वाटा, शिका."

"हे मात्र मास्तरांचं यंत्र झालं," गुरुजी हसले.

सोमवारी बारा वाजता दोघं बसले. एकेक फ्लॉपी घालायची, पडदा मागेल तेव्हा पुढची द्यायची. चौथी फ्लॉपी काही केल्या वाचली जाईना. आतून तीन खटके ऐकू येत, मग जरा थांबा, मग पुन्हा पहिल्यापासून तीन खटके.

"चौथ्या भागाला अडायलंय," सूर्यभान म्हणाला. "अडलं की परत पहिल्यापासून वाचतंय. बिचारं लय चिकाटीचं हाय."

तो आवाज गुरुजींना आवडला नव्हता.

सूर्यभाननं स्पिरिटमध्ये कापूस भिजवून आत फिरवला. कापूस लाल होऊन बाहेर आला. "घ्या! अध्यक्षसाहेबांनी यंत्राचं तोंड बी रंगवलं की!" दोघंही खूप हसले. त्यानंतर चौथी फ्लॉपी वाचली गेली आणि मंगळवारी दुपारपर्यंत चोवीसही संपल्या.

यंत्र पहिल्यांदा आपल्या पायावर उभं राहिलं तेव्हा पडद्यावर तक्रारींची रांग लागली. या फायलीची तारीख भविष्यातली आहे, त्या फायलीची तारीख भविष्यातली आहे.

"घड्याळ बिघडलंय," सूर्यभान म्हणाला. "आत बारका सेल असतो. यंत्र बंद असलं तरी त्याच्यावर घड्याळ चालतं. तो मेला की ह्याला आजचा दिवस कळत न्हाई." त्यानं तारीख विचारायचा हुकूम लिहिला आणि पडद्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचलं, "शुक्रवार. चार ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. चार वाजून दहा मिनिटं." मग डोकं खाजवलं. "हे कुठून आलं? सेल मेला की घड्याळ ऐंशी सालच्या जानेवारीवर जातंय. ह्याच्यावर आधी होतं त्या डॉसला तर ऐंशीच्या मागचं काही ठावच न्हाई."

गुरुजींच्या हातातला खडू मोडला.

"त्या आठवड्यात आमी मामाकडं होतो," सूर्यभान पडद्याकडं बघत म्हणाला. "म्हणून वाचलो. आमच्या वस्तीत एक घर उभं ठिवलं न्हाई लोकांनी. का तर म्हणे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव नको." मग तो हसला. "यंत्राला बी नेमका तोच आठवडा घावला बघा. सेल बदलू उद्या."

बुधवारी त्यानं नवा सेल बसवला, आजची तारीख घातली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. शुक्रवार, चार ऑगस्ट. चार वाजून एकतीस मिनिटं.

"गुरुजी, हे मागं जात न्हाई," तो हळूच म्हणाला. "हे पुढं सरकायलंय. आपण चालू ठिवतो तेवढंच."

"सेल खोटा असेल," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

घड्याळ कुठं निघालं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

अठ्ठ्याहत्तर साली दिनकरराव येलदरीच्या बाजूला, खडकगव्हाण नावाच्या गावात एकशिक्षकी शाळेवर होते. दोन खोल्यांची शाळा. पुढच्या खोलीत वर्ग, मागच्या खोलीत नकाशे आणि मोडके बाक. चौथीत आश्रुबा नावाचा मुलगा होता, बौद्धवाड्यातल्या सगुणाबाईचा. दाराजवळ स्वतःच्या पोत्यावर वेगळा बसायचा. तिथं बस असं त्याला गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. इकडं ये असंही कधी सांगितलं नव्हतं. बाकी मुलांचा हात धरून ते अक्षर गिरवून घेत. आश्रुबाची पाटी मात्र लांबूनच बघत आणि तोंडानं चूक सांगत. या गोष्टीत काही वावगं आहे असं त्या वेळी त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या शुक्रवारी आश्रुबा एकोणतीसच्या पाढ्याला अडला. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी. चोकला गप्प. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चोकला गप्प. चार वाजून दहा मिनिटांनी गुरुजी म्हणाले, "जा मागच्या खोलीत. पाठ झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

पावणेपाचला पोलीस पाटील सायकलवरून आला. शेजारच्या गावात वस्ती पेटली, माणसं इकडंच यायलीत, तुम्ही निघा म्हणाला. गुरुजींनी मुलांना घरी पिटाळलं. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी शाळेला कुलूप घातलं आणि फाट्याकडं पळत जाऊन परभणीची एसटी धरली.

अर्धा रस्ता मागं पडला तेव्हा त्यांना मागची खोली आठवली.

ते उतरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी परभणीत, जिथं गावं सोडून आलेली माणसं जमली होती, तिथं सगुणाबाई त्यांच्यासमोर आली. कडेवर धाकटी पोर होती. भोवती पन्नास माणसं. तिनं विचारलं, "गुरुजी, आमचा आश्रुबा त्या दिशी साळंत आलता का?"

गुरुजी म्हणाले, "नाही."

बारा दिवसांनी पोलिसांबरोबर शाळा उघडली. कुलूप जागच्या जागी होतं. खिडकीचे गज शाबूत होते. मागच्या खोलीत कुणीही नव्हतं. जमिनीवर फक्त पाटी होती आणि तिच्यावर एकोणतीसचा पाढा दहापर्यंत पुरा लिहिलेला होता. गुरुजींनी पाटी पुसली. मग हजेरीपट काढून त्या दिवसाची आश्रुबाची हजेरी ब्लेडनं अलगद खरवडली. शाई फुटू नये म्हणून तिथला कागद नखानं घासून गुळगुळीत केला आणि गैरहजर मांडलं. हे काम त्यांनी इतकं नीटस केलं, की पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्या हजेरीपटाची तारीफ केली.

मुलगा सापडला नाही. दंगलीत गेला, असं धरून चाललं.

पुढं सगुणाबाई परभणीतच राहिली, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. बाजारात दिसली की गुरुजी गल्ली बदलत. कधी गाठ पडलीच तर ती थांबून, पदर सावरून म्हणे, "जयभीम, गुरुजी. बरे हाव ना?" आणि त्यांच्या तोंडाकडं अशी बघे, जणू ते आता काहीतरी सांगणार आहेत. ते मान खाली घालून पुढं जात.

गुरुवारी सूर्यभान आला नाही. गुरुजी यंत्राला हात लावणार नव्हते, पण अडीच वाजता त्यांनीच बटण दाबलं. चार वाजून बावन्न मिनिटं. आत फ्लॉपी नव्हती, तरी खटके सुरू झाले. तीन खटके, थांबा. पुन्हा तीन खटके, थांबा. त्यांनी वायर ओढून काढली आणि मुलं येईपर्यंत ओसरीवर उभे राहिले.

शुक्रवारी संक्रांत होती. त्याच दिवशी नामांतराची बातमी आली. रस्त्यात फटाके वाजत होते, निळे झेंडे घेऊन पोरं स्कूटरवरून फिरत होती. सूर्यभान पेढे घेऊन आला. आधी गुरुजींच्या पाया पडला, मग यंत्रापुढं बसला. "आज तरी सुधर रे बाबा," म्हणून त्यानं बटण दाबलं.

पाच वाजून तीन मिनिटं.

"हे बघा, गुरुजी, पोरांना हे आधी शिकवा," तो म्हणाला. "प्रत्येकानं आपलं नाव सांगून आत जायचं, काम झालं की बाहेर पडायचं. आणि हा हुकूम दिला की कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, सगळं दिसतंय. हजेरीपटच म्हणा की! फरक एवढाच, ह्यात खाडाखोड चालत न्हाई."

त्यानं हुकूम लिहिला. पडद्यावर एकच ओळ आली, त्याच्या नावाची.

बाहेर फटाक्यांची माळ लागली. ती संपेपर्यंत दोघं थांबले. सूर्यभाननं तोच हुकूम पुन्हा दिला.

आता दोन ओळी होत्या.

"आश्रुबा," त्यानं इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. "हे नाव तुमी घातलं का?"

गुरुजींनी मान हलवली. नाही.

"मी बी न्हाई." त्यानं बोट पडद्यावर टेकवलं. "आत आल्याची वेळ पाच वाजून पाच. बाहेर पडल्याची वेळच न्हाई. तिथं लिहिलंय," तो अडखळला, "अजून आत हाय."

गुरुजी उठले. चप्पल न घालताच बाहेर पडले.

सगुणाबाई वसतिगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होती. दारात निळी पताका होती. गुरुजींना बघून तिचा चेहरा उजळला. तिनं सतरंजी टाकली, पेढा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. उभ्यानंच, भिंतीकडं बघत, त्यांनी सगळं सांगितलं. मागची खोली. कुलूप. एसटी. पन्नास माणसांत म्हटलेलं 'नाही'. ब्लेड.

ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडलीही नाही. तिच्या कपाळावर फक्त एक आठी पडली, गणित न सुटणाऱ्या मुलीच्या कपाळावर पडते तशी.

"मला ठाव हाय तो साळंत होता," ती म्हणाली.

गुरुजींनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"रातभर आमी जवारीत लपलो. फटफटलं तसं मी साळंकडं गेले. कुलूप होतं. मागल्या खिडकीपाशी गेले तर आतनं पाढा ऐकू आला. माझं लेकरू म्हणत होतं." ती थांबली. "तुमी सांगत होते आन तो मागनं म्हणत होता."

"सगुणाबाई, शनिवारी सकाळी मी इथं होतो. परभणीत."

"तुमचाच आवाज होता. म्हणून तर मी निर्धास्त झाले. म्हणलं, गुरुजी हाईत. बाहेरनं कुलूप लावून लेकराला जपायलेत. हाक बी मारली न्हाई, कुणाला कळंल म्हणून. पोरीला घिऊन निघाले." तिचा आवाज अगदी शांत होता. "इथं ठाव असून बी इचारलं, तुमच्या तोंडून कळावं म्हणून, तर चारचौघांत न्हाई म्हणालात. मला वाटलं, लोकांदेखत सांगत न्हाईत. पंधरा वर्सं वाटत होतं, कुठंतरी ठिवलाय त्याला. शिकवायलाय. एक दिवस सांगताल."

बाहेर मिरवणुकीचे ताशे जवळ येत होते.

"आवाजाचा भास झाला असेल," गुरुजी कसंबसं म्हणाले.

"न्हाई, गुरुजी. मी फटीतनं पाह्यलं की. पाठमोरे होते तुमी. अगदी त्याला चिटकून, त्याच्याच पोत्यावर बसलते." तिनं स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला आणि हवेत सावकाश एक आकडा गिरवला. "आसा हात धरला होता त्याचा."