दुसरी हाक

"एका नावाच्या दोन पोरी घरात, आणि कामाच्या वेळी एकही नाही!"

इस्त्रीच्या टेबलावर वाकून, उशीच्या अभ्र्यालाच दटावावं तशी काकू पुटपुटली. समोर कुणी नव्हतं. पण जिच्यासाठी हे चाललं होतं ती पडद्याआड उभी होती, तोंडावर हात दाबून हसत.

ती धाकटी. पुढे ती माझी जाऊ झाली.

ही हकिगत तिची आहे आणि खरी आहे. कशावरून, म्हणाल, तर माझी जाऊ खोटं बोलायच्या बाबतीत फार आळशी आहे. दूध उतू गेलं तर "गेलं" म्हणून मोकळी होते, मांजरावर ढकलत नाही. अशा बाईने हे सगळं रचलं असेल असं मला वाटत नाही.

आणि भुतांना रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आधीच सांगते. हे सगळं दुपारी चारला घडलं. लख्ख उजेडात.

जावेच्या माहेरी लाँड्री होती. खाली पुढे दुकान, मागे धुण्याची खोली. आतल्या लाकडी जिन्याने वर गेलं की घड्या घालायची खोली. तिच्याबाहेरून एक लोखंडी जिना गच्चीवर जायचा. अकरा पायऱ्या. पाचवी सैल होती, पाय पडला की खण् करायची. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी.

दोघा भावांचं एकत्र घर. थोरल्या भावाला मुलगी झाली, त्याने तिला आपल्या आईचं नाव ठेवलं. आठ महिन्यांनी धाकट्याला झाली, त्यानेही तेच ठेवलं. आई दोघांची, मग माघार कुणी घ्यायची? घरात थोरली-धाकटी म्हणून ओळख पटायची, पण हाक मारायची ती नावानंच. आजीचं नाव वाया जाऊ द्यायचं नाही, असा हट्ट.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

मग घोळ व्हायचा. एक हाक आणि दोन ओ. नाहीतर एक हाक आणि एकही नाही, दोघींना वाटायचं दुसरीला आहे. शेवटी काकूने नियम केला. काकू म्हणजे धाकटीची आई. थोरलीची काकू, म्हणून साऱ्या गल्लीचीच काकू.

नियम असा. एक हाक थोरलीची. लागोपाठ दोन हाका धाकटीच्या.

लाँड्रीत कपड्यांना गिऱ्हाइकाची खूण म्हणून दोऱ्याचे टाके घालतात. घरच्या कपड्यांनाही तोच हिशेब लागला. लाल दोऱ्याचा एक टाका म्हणजे थोरलीचं. दोन टाके म्हणजे धाकटीचं.

थोरलीची आई ती लहान असतानाच गेली होती. काकूने दोघींना एकाच मांडीवर वाढवलं. दुजाभाव केला नाही, असं सगळे म्हणतात. काकू स्वतःही म्हणायची.

थोरली कामाला वाघ. हाक आली की हातातलं न टाकताच ओरडायची, "आलेच हं!" आणि खरंच यायची. धाकटी दुसरी हाक पूर्ण होईपर्यंत आढ्याकडे बघत बसायची. कोण जाणे, रद्द झाली तर!

त्या दिवशी गुरुवार होता.

गच्चीवरून वाळलेले कपडे उतरवायचं काम दोघींनी दिवसाआड वाटून घेतलेलं. तो गुरुवार धाकटीचा. पण सकाळपासून तिला कणकण होती. काकूने कपाळाला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाली, "आज वर जाऊ नकोस. मी बघते."

काय बघते, ते नाही सांगितलं.

चार वाजता वारा सुटला. दोघी वरच्या खोलीत, एका मोठ्या चादरीची चार टोकं धरून घडी घालत होत्या.

खालून काकूची हाक आली.

एक.

दोघी थांबल्या. चादर मधे ताणलेली...

दुसरी हाक आलीच नाही.

"अगं, आज तर तुझी गच्ची ना?" थोरली हसली. "काकूची दुसरी हाक वाऱ्याने उडवली की काय?"

धाकटी चादरीचं टोक नीट करत राहिली.

"बरं बाई, राणीसाहेब. आलेच हं!" थोरलीने आपली टोकं तिच्या हातात दिली आणि गेली.

पायऱ्या वाजल्या. पाचवी... खण्.

गच्चीच्या कोपऱ्यात कठडा बुटका होता. तिथल्या खिळ्यात एक चादर अडकली होती आणि वाऱ्याने शिडासारखी फुगली होती. ती सोडवायला थोरली वाकली असावी. पाहिलं कुणीच नाही.

धाकटीने फक्त आवाज ऐकला. ओल्या कपड्यांचा गठ्ठा खाली टाकल्यासारखा.

तिला वाटलं, गठ्ठाच टाकला असेल.

त्यानंतर त्या घरातून ते नाव गेलं. कुणी ठरवलं नाही, पण गेलं. धाकटी 'अगं' झाली, 'ऐकलंस का' झाली. थोरलीचे कपडे लांबच्या एका संस्थेला देऊन टाकले. थोरलीचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते पूर्वीसारखेच काउंटरवर बसून पावत्या फाडत राहिले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. एक प्रश्नसुद्धा नाही.

तेच धाकटीला खुपायचं.

पहिला प्रकार दोन वर्षांनी झाला. दुपारची वेळ. कुरिअरवाला नवीन होता. पाकिटावर धाकटीचं नाव. त्याने दारातूनच मोठ्याने वाचलं.

एकदाच.

धाकटी मागे साबण मोजून घालत होती. ती "हो" म्हणणार, तेवढ्यात...

वरून आवाज आला.

"आलेच हं!"

धाकटीच्या हातातलं माप तसंच राहिलं. आप्पांची पेन्सिल काउंटरवरून गडगडत खाली गेली. कुणी उचलली नाही.

"ताई, तुम्ही सही करता की वरच्या बाई येताहेत?" कुरिअरवाल्याने विचारलं.

"वर कुणी नाही," धाकटी म्हणाली.

तो हसला. "मग जिना कोण वाजवतंय?"

खण्...

सही करून पाकीट घेतलं. आप्पांनी दुसरी पेन्सिल काढली. काकूने इस्त्री फिरवायला घेतली, ती गरम आहे की गार हेसुद्धा न बघता. रात्री जेवताना वाऱ्यावर, विजेच्या बिलावर, सगळ्यावर बोलून झालं. फक्त त्या आवाजावर नाही.

पुढे सहा महिन्यांनी काकू पडली.

धुण्याच्या खोलीत साबणाच्या पाण्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दुकान तिथून दहा पावलांवर. धाकटी दुकानातच बसून बटणं लावत होती. दीड तास. सहज मागे गेली तर काकू फरशीवर. शुद्धीत होती. डोळे टक्क उघडे.

"आई! अगं हाक का नाही मारलीस?"

काकूने मान फिरवली.

मग धाकटीचं लक्ष गेलं. काकूच्या डोक्याखाली टॉवेल होता. कोरडा. तीन पदरी घडी, कडेला कड लावलेली. अशी घडी घरात एकच जण घालायची.

तिने टॉवेलचं टोक उलटून पाहिलं.

लाल दोरा.

एक टाका.

"हा कुणी ठेवला?"

"मी हाक मारलीच नव्हती," काकू म्हणाली. ओठ सुकलेले. "नुसती मनात आली होती गं..."

ऑपरेशन झालं. काकूला घरी आणलं आणि खाली, दुकानाला लागूनच्या खोलीत पलंग टाकला. मधे फक्त एक पडदा. पण काकू कुणालाही हाक मारीना. तहान लागली तरी नाही, कुशी बदलायची तरी नाही. धाकटीने उशाशी घंटी ठेवली. काकूने ती चादरीखाली सारून दिली. मग तिने पाणी पिणंच कमी केलं. पाणी प्यायलं की गरज लागते, आणि गरज लागली की कुणालातरी बोलवावं लागतं.

डॉक्टर धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड सांधतंय. पण हे असंच चाललं तर बाई हातची जाईल. त्या मदत का मागत नाहीत?"

धाकटीने उशाशी पुन्हा भरलेला पेला नेऊन ठेवला.

एक मुलगी त्या घरातून हाकेने गेली होती. आता आई हाकेवाचून जायला निघाली होती.

पुढचं सांगून मी थांबणार आहे. त्यानंतर काय झालं, ते मला विचारू नका. मीही जावेला विचारलं होतं. ती आमच्या मागच्या दाराकडे बघत राहिली, आणि आमच्या मागच्या दाराला तर जिनासुद्धा नाही. एवढं मात्र खरं की आमच्या घरात तिला एकदा हाक मारून कुणी थांबत नाही. माझी सासू फटकळ, तरी तीही दोनदा मारते. मी एकदा विसरले होते. घरात आम्ही दोघीच होतो. जावेनं "ओ" दिली. पण देण्याआधी क्षणभर ती वाट बघत होती... दुसरं कुणी देतंय का म्हणून. तेव्हापासून मी विसरलेली नाही.

तर तो गुरुवारच होता. पुन्हा वारा होता. घड्याळात चार.

धाकटी पलंगाशी पाण्याचा पेला घेऊन बसली होती. काकूने ओठ मिटून घेतले होते.

"आई, तू मला हाक मार," धाकटी म्हणाली. "माझ्या नावानं. नीट दोनदा मार. मी इथेच बसलेय तुझ्यासमोर. मीच ओ देईन. एकदा होऊन जाऊ दे."

"नको."

"मर मग अशीच!" ती ओरडली आणि लगेच रडू लागली. "मला काही आईबिई नकोच आहे ना! मार गं हाक. माझं नाव मला परत दे."

काकूने तिच्याकडे पाहिलं. मग ओठ ओले केले.

हाक मारली.

एक...

दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. नुसता श्वास.

धाकटी "ओ" म्हणायला गेली. पण सवयीने तिची नजर आढ्याकडे गेली, दुसऱ्या हाकेची वाट बघत.

वारा एकदम पडला. दुकानातली इस्त्री चुरचुरायची थांबली.

आणि वरून, अगदी पूर्वीसारखं, हसऱ्या आवाजात...

"आलेच हं!"

पायऱ्या वाजायला लागल्या. एक. दोन. तीन.

धाकटी मोजत होती. मोजताना तिला कळलं. आजवर पावलं वर जायची. चार पायऱ्यांनंतर पाचवी वाजायची. आज चार झाल्या. पाच झाल्या. सहा...

सातवीला खण्.

पावलं खाली येत होती.

मग वरच्या खोलीची फरशी. मग आतला लाकडी जिना. खोलीच्या मागच्या दारापाशी येऊन पावलं थांबली. दार उघडंच होतं. दारात काही नव्हतं. फक्त ओल्या, उन्हात वाळत आलेल्या चादरींचा वास खोलीत शिरला.

हाकेला धावत आली तरी थोरली दारातच थांबायची. काय काम आहे, ते विचारून मग यायची. ती वाट बघत होती.

"सांग ना," काकू धाकटीचा हात दाबत होती. "तू सांग तिला."

"तू सांग, आई."



इतक्यात मधला पडदा सरकला. आप्पा. काउंटरवरून उठून आले होते, कानामागे पेन्सिल तशीच. या खोलीत ते काकू पडल्यापासून आले नव्हते. त्यांनी भावजयीकडे पाहिलं नाही, पुतणीकडे पाहिलं नाही. सरळ त्या रिकाम्या दाराशी गेले. जरा वाकले. लहान मुलीशी बोलताना वाकतात तसे.

"भाऊजी..." काकू म्हणाली.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बाळ," ते दाराला म्हणाले, "ती हाक तुला नव्हती. त्या दिवशीची. गच्ची तुझी नव्हती, धाकटीची होती. तिला बरं नव्हतं, म्हणून काकूने मुद्दाम एकदाच हाक मारली. मी खाली बसून ऐकत होतो. दुसरी हाक आली नाही, हे मलाही कळलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे... चार चादरी तर आणायच्यात."