हिवराच्या राईतली हजेरी

रंगनाथरावांना मुलं मोजायची सवय होती. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना एका सहलीत त्यांचा एक विद्यार्थी अर्धा दिवस हरवला होता. तो सापडला, पण रंगनाथरावांची छाती तेव्हापासून जी धडधडायला लागली ती निवृत्तीनंतर शेवगावला येऊन राहिल्यावरही थांबली नाही. विलायतेची पदवी घेतलेला हा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा बघायला कोपऱ्यावरून परत यायचा. गावात त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांचं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट चव्वेचाळीस सालच्या कार्तिकातली. शाळेच्या हेडमास्तरांनी गळ घातली, म्हणून सर दर रविवारी पाचवीच्या मुलांना रानात नेत. झाडं, पाखरं, मुंग्यांची वारुळं दाखवत. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तेव्हा जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू शिवून त्यांनी हजेरीचं पुस्तक केलं होतं. खुणा करायला कॉपिंग पेन्सिल, जिभेला लावली की जांभळी उमटणारी. साधी पेन्सिल खोडता येते, म्हणून त्यांना तिचा भरवसा नव्हता.

त्या रविवारी जायचं होतं दोन कोसांवरच्या हिवराच्या राईत. वाट दाखवायला अल्लाबक्ष होता. औषधी मुळ्या आणि मध काढून विकणारा हा म्हातारा राईच्या अलीकडेच राहायचा. त्याची नात सकीना पाचवीच्याच वर्गात. एकोणीस मुलांत तिचं नाव शेवटचं. बैलगाड्या अल्लाबक्षच्या दारात थांबल्या तेव्हा ती ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती. अंगात ताप होता.

“सर, मला बी न्या ना,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या रविवारी नक्की नेईन असं सांगितलं, आणि अठरा मुलं पुढे निघाली.

राईच्या तोंडाशी एक पांढरा धोंडा होता. तिथं अल्लाबक्ष थांबला.

“आत कुनाला नावानं हाक मारायची न्हाई. टाळी वाजवा, शीळ घाला. नाव घेऊ नका.”

“का? देवाचं ठिकाण आहे का?” सरांनी विचारलं.

“देव न्हाई. देव असता तर नारळ दिला असता, मिटलं असतं.”

सर हसले, पण युक्ती त्यांना आवडली. त्यांनी प्रत्येक मुलाला एका झाडाचं नाव दिलं. गोरक्ष झाला पळस, सूर्यभान बोर, मुक्ता कडुनिंब. ही मुळातच कडू हाय, असं सूर्यभान म्हणाला आणि मुक्तानं त्याला चिमटा काढला. तासभर फार मजेत गेला. हिवराची साल पांढुरकी का, काटे जोडीजोडीनं का येतात, हे सर सांगत होते. मुलांना हिवराखाली बसायची भीती वाटते हे बघून त्यांनी एक रोप उपटून दाखवलं. “बघा, झाडाला मूळ असतं. भीतीला मूळ नसतं.” वाक्य त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

तीनच्या सुमाराला वारा पडला. होल्यांचं घुमणं थांबलं. वाळक्या शेंगांचा खुळखुळाट थांबला. कुबट, आंबूस वास जमिनीतून वर यायला लागला. ऊन लख्ख होतं, पण झाडांच्या सावल्या हलायच्या बंद झाल्या होत्या. अल्लाबक्ष मधाचं पोळं बघायला पुढे गेला होता.

सरांनी मुलं मोजली. सतरा भरली. पुन्हा मोजली, एकोणीस. पळस कोण, बोर कोण, त्यांना आठवेना. तिसऱ्यांदाही आकडा जुळेना, तेव्हा त्यांनी पिशवीतून हजेरीचं पुस्तक काढलं.

पेन्सिल जिभेला लावून ते खऱ्या नावांनी वाचू लागले. आधी मुलगे, मग मुली. प्रत्येक नावाला ‘हजर’ आलं, प्रत्येकापुढे खूण झाली.

“मुक्ता.”

“हजर.”

“सकीना.”

“हजर.”

आवाज जरा मागून आला, झाडांतून. घोगरा. सरांनी खूण केली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. एकोणीस भरली.

मग त्यांच्या लक्षात आलं, की मुलं हलत नाहीयेत.

“सर,” मुक्ता हळूच म्हणाली, “सकीना तर घरी हाय ना...”

अल्लाबक्ष परत आला होता. त्याला ऐकू आलं होतं. त्यानं सरांच्या हातातल्या पुस्तकाकडं बोट केलं. “खोडा ते.”

सर थांबले. फार नाही, दोनचार क्षण. अठरा मुलं बघत होती आणि मघाचं ते भीतीच्या मुळाचं वाक्य अजून त्यांच्या तोंडात होतं. मग त्यांनी बोट ओलं करून खूण पुसायला घेतली. जांभळा रंग पसरला आणि खूण आणखीच गडद झाली.

अल्लाबक्षच्या घरी पोहोचले तेव्हा सकीना अंगण झाडत होती. तिची आजी मुबारकबी म्हणाली, तीनच्या सुमाराला ताप एकदम उतरला. अल्लाबक्षनं हाक मारली. “सकीना.” ती झाडत राहिली. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा वळून हसली. आजीनं विचारलं, तुझं नाव काय गं? पोरीनं राईकडं पाहिलं. उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं असावं, तशी वाट पाहत राहिली.

त्या दिवसापासून ती बोलली नाही. डॉक्टरांनी कान, घसा तपासला, सगळं ठीक होतं. सरांनी पुण्याच्या एका मित्राला पत्र लिहिलं. धक्का बसला असेल, ओसरेल, असं उत्तर आलं. पण रोज तीन वाजता पोरगी राईकडं तोंड करून बसायची. पहिल्या दिवशी ओट्यावर, मग लिंबाखाली, मग ज्वारीच्या बांधावर. रोज थोडी पुढं. आणलं तर यायची. बांधून ठेवलं तर दोरीकडं बघत बसायची.

पंधराव्या दिवशी अल्लाबक्ष सरांच्या दारात आला. “ज्यानं नाव दिलं त्यानंच परत मागायचं. तेच पुस्तक, तीच हजेरी. पोरगी धोंड्यापाशी उभी करू. तिनं राईच्या आधी ‘हजर’ म्हनलं तर सुटली.”

सर गेले. पण बाकीची अठरा नावं तिथं पुन्हा उच्चारायचा त्यांना धीर झाला नाही. उरलेल्या पोरांचं काही झालं तर? त्यांनी फक्त एकच नाव वाचलं. ते चुकलं का, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

“सकीना.”

शेजारी उभ्या पोरीचे ओठ हलले. सरांनी ते पाहिलं. पण राईतून आधी आलं, “हजर.”

“सकीना.”

“हजर.” या वेळी जरा लवकर.

तिसऱ्यांदा सरांनी श्वास घेतला, तोंड उघडायच्या आतच झाडांतून आलं... “हजर.”

अल्लाबक्षनं पोरीचा हात धरून तिला धोंड्यापासून मागं घेतलं. त्यानं सरांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

परतताना पोरगी पुढं चालत होती. ज्वारीच्या बांधावर ती थांबली, वळली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली. आवाज तिचाच, पण घसा ठणठणीत.

“सर, तुमचं नाव काय?”

अल्लाबक्षनं सरांकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. नातीच्या बदल्यात दुसरं काय मागितलं जातंय, हे त्या म्हाताऱ्याला कळलं होतं. सरांनाही कळलं होतं. सहासष्ट वर्षांचं आयुष्य, मागेपुढे कुणी नाही. एक शब्द उच्चारायचा होता.

त्यांनी मान खाली घातली आणि वाट धरली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सकीना पांढऱ्या धोंड्याच्या पलीकडं गेली. गावानं आठ दिवस राई धुंडाळली. हिवराला लटकलेली गोधडीची चिंधीसुद्धा मिळाली नाही.

सरांनी हजेरीचं पुस्तक जाळायला काढलं, तेव्हा सवयीनं एकदा उघडून पाहिलं. एकोणिसाव्या नावाखाली एक नवी ओळ होती, त्यांच्याच अक्षरात. आकडा वीस. नावाची जागा कोरी.

त्या कोऱ्या जागेपुढची खूण जांभळी होती, आणि अजून ओली.