बांधापाशी अडणारा माउस

स्नेहल चौथ्यांदा पनवेलच्या दुकानात शिरली ती भांडायच्या तयारीनंच. काउंटरवर माउस आपटून तिनं दुकानदार प्रितेशला विचारलं, "हा पण अडतोय. डुप्लिकेट माल ठेवता का?"

प्रितेशनं तोच माउस आपल्या कॉम्प्युटरला लावला. बाण पडद्याचे चारी कोपरे फिरून आला.

"वहिनी, पहिला ब्लूटूथवाला दिला, तुमच्या मशीनला ब्लूटूथच नाही, ती चूक माझी. दुसऱ्याचा रिसीव्हर ढिला होता. पण हा तुमच्यासमोर चालतोय."

"घरी नाही चालत."

मग त्यानं कीबोर्ड आणि माउसचा जोडसेट काढला. दोघांना मिळून एकच रिसीव्हर, जुन्यात जुन्या मशीनला चालणारा. "हा नाही चालला तर मशीनच बदला," असा फुकटचा सल्लाही दिला. स्नेहलला सल्ला नको होता.

कामोठ्याला परतेपर्यंत तिचं डोकं तापलेलंच होतं. खरं तर तिला राग नवऱ्याचा आला होता. शैलेशला खाडीकाठच्या घरच्या मिठागरावर गोदामं बांधायची होती, आणि स्नेहल कॉम्प्युटरवर काढत असलेला त्यांचा नकाशा उद्या द्यायचा होता. मिठागराच्या मधोमध चारी बाजूंनी बांध घातलेला एक चौकोनी तुकडा दमयंतीआत्याचा, शैलेशच्या सख्ख्या आत्याचा. म्हातारी यांच्याच घरात राहायची, पण कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हती. शैलेश म्हणाला होता, "बांध काढून टाक. नकाशात बांधच नसला तर कोन इचारतो?"

स्नेहल तेव्हा काही बोलली नाही. बोलली नाही याचाच संताप आता बिचाऱ्या माउसवर निघत होता.

तिनं रिसीव्हर खोचला, सेल घातले, नकाशा उघडला. बाण सरसर फिरला, गोदामांवरून गेला, रस्त्यावरून गेला, आणि आत्याच्या बांधाच्या रेघेपाशी थांबला. ती माउस पुढं रेटत राहिली. बाण जागचा हलेना. वरून आणला, खालून आणला, चारी बाजूंनी तेच.

गॅलरीत आत्या जागच्या जागी पाय आपटत होती. थप. थप. मिठागरात पाणी सोडण्याआधी चिखल पायांनी तुडवून घट्ट करतात. चाळीस वर्षं तिनं तेच केलं होतं. गुडघ्यांना बरं पडतं म्हणून रोज सकाळी लाद्यांवर तुडवते, असं ती सांगायची. आता तर दुपारचे बारा वाजले होते.

शैलेशचा फोन आला. तो मिठागरावरच होता. स्नेहलनं स्पीकर चालू केला.

"झाला का नकाशा?"

"बाण बांधापाशी अडतोय. हाही."

"चार माउस झाले. तुला कामच करायचं नाय."

"अहो, आत्यांना एकदा नीट विचारा ना."

"तिला काय इचारायचं? मी बांधावरच उभा हाय, मला कोन अडवतंय? हे बघ, उतरलो आत. तू काढ तो बांध."

स्नेहलच्या कानशिलात रक्त चढलं. एवढंच ना? तिनं माउस बाजूला ढकलला, नवा कीबोर्ड पुढं ओढला, कमांड टाइप करून बांधाची रेघ निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं.

रेघ गेली.

बाण अलगद आत सरकला. स्नेहलचा हात माउसवर नव्हता. जिथं रेघ होती, तिच्या आतल्या बाजूनं बाण चालू लागला. चारी कडांनी फिरून पुन्हा पहिल्या जागी आला. पुन्हा निघाला.

तिनं माउस धरून बाण बाहेर ओढून पाहिला. तो येईना. अन्डू दाबलं, पुन्हा दाबलं. रेघ परत आली नाही. शेवटी तिनं रिसीव्हरच उपटला.

बाण चालतच होता.

"अहो, बाहेर या."

"येतोय ना." चिखलात पाय पडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ. "स्नेहल." त्याच्या आवाजातला राग गेला होता. "बांध कुठं गेला?"

"तुम्ही आत्ताच उभे होतात ना त्यावर?"

"कवाचा चालतोय. सगळीकडं चिखलच हाय."

फोन हातात घेऊन ती गॅलरीत धावली. भर उन्हात म्हातारी पाय उचलत होती, टेकवत होती.

"आत्या, सोडा त्यांना."

आत्यानं मान वर केली नाही. "मी कुठं धरलाय त्याला? बांध तू काढलास."

स्नेहलनं फोन कानाला लावला. पलीकडं चिखलात शैलेशची पावलं तेवढी पडत होती, थप, थप, आणि म्हातारीचा पाय लादीवर टेकला की त्याच क्षणी त्याचाही टेकत होता.